वर्गणी सगळ्यांची, मग फॉरेनची टीम कोणाच्या मर्जीने?

प्रश्न : नमस्कार सर, आम्ही कोपरखैरणे-ऐरोलीकडचे काही जण रेडिओ कंट्रोल विमानं बनवून उडवतो, निव्वळ हौस, बाल्साचं हलकं लाकूड कापण्यापासून सगळं घरीच. राष्ट्रीय संघटनेची वर्गणी दरवर्षी भरतो आणि त्यातलेच काही पैसे वर्ल्ड चॅम्पियनशिपला टीम पाठवायला वापरतात. पण कुठल्या कॅटेगरीला किती, पायलटला किती, सोबत पदाधिकारी कशाला, हे सगळं कार्यकारिणी ठरवते, आम्हाला डायरेक्ट फोटोच दिसतात. विचारलं तर म्हणे 'तुम्ही कुठे कॉम्पिटिशनला उतरता?' काय करायचं?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : उतरत नाही म्हणून बोलायचं नाही हे काही पटत नाही बुवा, वर्गणी घेताना तर असं कोणी विचारत नाही. पण एक सांगतो, टीममध्ये कोण जाणार यावर मतदान मागू नका. एफएआयच्या, म्हणजे हवाई खेळांच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धेत एका कॅटेगरीत देशाचे साधारण तीन पायलट आणि एक टीम मॅनेजर, ते तीन सिलेक्शनच्या मार्कांवरच ठरू देत, नाहीतर ज्याचे दोस्त जास्त तो जाईल. तुम्ही पैशाचं विचारा. एरोबॅटिक्सचं (हवेतल्या कसरतींचं), म्हणजे एफथ्रीए कॅटेगरीचं विमान दोन मीटर पंखांचं, दोन मीटर लांब असू शकतं, त्याचा खोका न्यायचा म्हणजे ओव्हरसाइज लगेज आलंच, मग ते पैसे फंडातून की पायलटच्या खिशातून? आणि मॅनेजरचं तिकीट? हे कुठे लिहिलेलंच नसेल तर भांडण तिथूनच सुरू होतं.

आधी संघटनेची घटना आणि ऑडिट झालेले हिशेब लेखी मागा. दिले नाहीत तर नोंदणी कुठली ते बघा. महाराष्ट्रातली असेल तर धर्मादाय कार्यालय, ठाण्यातही आहे, दिल्लीची असेल तर तिथले रजिस्ट्रार. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याचं कलम १९ म्हणतं की रजिस्ट्रारकडे दाखल झालेले कागद कोणीही बघू शकतो, मूळ कायद्यात त्याची फी एक रुपया आहे आणि नकलेला शंभर शब्दांना दोन आणे (खरंच!).

मग ठराव. टीम फंड हिशेबात वेगळा दाखवायचा, कॅटेगरीनिहाय वाटप सर्वसाधारण सभेने मंजूर करायचं, आणि पदाधिकाऱ्यांचा प्रवास त्यातून करायचा की नाही हे नियमात लिहायचं, एवढंच पुरे. पण तो 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत' ढकलू देऊ नका, तुमच्या सोसायटीच्या एजीएमला बघितलंच असेल, तिथे येईपर्यंत निम्मे लोक वडा खाऊन घरी गेलेले असतात. घटनेत जेवढी मुदत असेल तेवढी आधी, सह्यांसकट पाठवा आणि पोच घ्या. दुसऱ्या शहरांतल्या क्लबवाल्यांनाही गाठा, नुसत्या नवी मुंबईच्या सह्यांवर काही हलणार नाही.

आणि हो, सह्या घेताना पावत्या बघा, त्याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्गणी तीन महिन्यांच्या वर थकली असेल तर त्या सभासदाला मतच देता येत नाही.