गोव्यातल्या आमच्या संशोधन संस्थेत प्रत्येक प्रयोगशाळेची व्हॅक्यूम यंत्रणा वेगळी आहे. एकसारखेपणा आणायला सुरुवात कुठून करावी?

आधी फ्लँज (नळ्या आणि चेंबर एकमेकांना जोडणाऱ्या कडा) एकसारखे करा, मग गेज, म्हणजे दाब मोजणारी उपकरणं. पंपांना सगळ्यात शेवटी हात लावा. व्हॅक्यूम यंत्रणांच्या देखभालीत मी हेच पाहतो: शेजारच्या लॅबमध्ये चांगला पंप रिकामा असतो, पण जोडणी जुळत नाही म्हणून काम अडतं. साध्या व्हॅक्यूमसाठी केएफ २५ आणि केएफ ४० (क्लॅम्पने पटकन जुळणाऱ्या फ्लँजची दोन मापं), व्हायटॉन या रबराच्या ओ-रिंगसह, एवढं ठरवून टाका. जिथे चेंबर तापवून अतिउच्च व्हॅक्यूम गाठायचा आहे तिथे तांब्याच्या गॅस्केटचे (सील करणाऱ्या चकतीचे) सीएफ फ्लँज, ज्यांची धातूची धार त्या तांब्यात रुतते. केएफची मापं आयएसओ २८६१ मध्ये आणि सीएफची ३६६९ मध्ये ठरलेली आहेत, त्यामुळे कंपनी बदलली तरी भाग जुळतात. गेजच्या बाबतीत एकच एकक सक्तीचं करा, मिलिबार किंवा पास्कल. आणि पिरानी गेजचा (वायूच्या उष्णतावहनावरून दाब सांगणाऱ्या गेजचा) आकडा वायूनुसार बदलतो, हे प्रत्येक विद्यार्थ्याला सांगा.

पंप मात्र सरसकट एकाच जातीचे घेऊ नका. फ्रीझ-ड्रायरला पाण्याची वाफ पेलणारा पंप लागतो, मास स्पेक्ट्रोमीटरच्या (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या) आत तेलाची वाफ शिरलेली चालत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर तेलाच्या रोटरी पंपांचा गॅस बॅलास्ट (चालू पंपात थोडी हवा सोडून पाण्याची वाफ बाहेर काढणारी झडप) रोज थोडा वेळ उघडा ठेवायचा नियम लेखी हवाच; नाहीतर तेलात पाणी मिसळतं आणि व्हॅक्यूम मिळेनासा होतो.