जोडीदार थांबला, आता माझं काय?

“जोडीदार सोडून गेला, आता माझं काय?” हे वाक्य खेळाडूंचं समुपदेशन करताना मी दुहेरी खेळणाऱ्यांकडून ऐकलंय, जोडीनं नाचणाऱ्यांकडून ऐकलंय आणि सगळ्यांत जास्त त्यांच्या आयांकडून. गेल्या दोन महिन्यांत ते पुन्हा तीनदा कानावर पडलं, म्हणून एका आईस डान्सरची, म्हणजे बर्फावर स्केटिंग करत जोडीनं नाचणाऱ्या मुलीची, गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिचं नावही इथे नको.

ती १९ वर्षांची. आठव्या वर्षापासून एकाच मुलाबरोबर स्केटिंग. हंगाम संपला आणि तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “मी थांबतोय.” भांडण नाही, दुखापत नाही. त्याला पुढे शिकायचं होतं.

“मॅडम, अकरा वर्षांचं पाणी झालं,” आई पहिल्याच भेटीत म्हणाली. मुलगी गप्प होती.

आईची काळजी खोटी नव्हती. आईस डान्समध्ये एकेरीसारख्या उंच उड्या नाहीत, पेअर्स या जोडीच्या दुसऱ्या प्रकारासारखं डोक्यावर उचलणं किंवा फेकणंही नाही. गुण मिळतात ते ब्लेडच्या धारेवर किती खोल झुकता, पावलं तालात कशी पडतात आणि दोघं एकमेकांच्या किती जवळून सरकता याचे. ही जवळीक यायला वर्षं जातात. त्यात मुली भरपूर आणि मुलगे थोडे. मुलगा थांबला की मुलीचा खरोखरच खोळंबा होतो.

सुरुवातीला मी एक चूक केली. तयारी करून आले होते, म्हणून उदाहरणं दिली. टॉर्व्हिल आणि डीन ही ब्रिटिश जोडी १९८४ साली सारायेव्होत ऑलिंपिक सुवर्ण जिंकली, पण दोघांचेही आधीचे जोडीदार वेगळे होते. अमेरिकेचे मॅडिसन चॉक आणि इव्हान बेट्स २०११ मध्ये एकत्र आले, तेही आपापल्या जुन्या जोड्या मोडल्यावर, आणि पुढे २०२३ पासून सलग तीनदा जगज्जेते झाले.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हे सगळं मला तुमच्यापेक्षा जास्त माहितीये, मॅडम. पण आम्ही व्हर्च्यू आणि मॉयरसारखे होणार होतो. तेही लहानपणापासून एकत्र होते.”

१९९७ मध्ये ही कॅनडाची जोडी एकत्र आली तेव्हा टेसा व्हर्च्यू सात वर्षांची होती, स्कॉट मॉयर नऊ. २०१० आणि २०१८ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं त्यांचीच. माझ्यासमोरच्या मुलीनं हेच चित्र मनाशी धरलं होतं, आणि ज्याच्याकडे असं चित्र असतं त्याच्यापुढे दुसरी चित्रं ठेवून काही होत नाही. मी गप्प बसले. बरंच झालं, कारण त्यामुळे कान मोकळे झाले.

तेव्हा लक्षात आलं, ती ‘मी’ म्हणतच नाही. “आम्हाला डावं वळण जड जातं.” “आम्ही सकाळी खात नाही.” “आमचा घोटा दुखावला होता.” घोटा कुणाचा, असं विचारलं. थोडं थांबून म्हणाली, “माझा.”

माणूस स्वतःबद्दल जी वाक्यं बोलतो त्यातच त्याचं दुखणं सापडतं, हा माझा जुना विश्वास आहे. त्यासाठी काही सहकाऱ्यांची थट्टाही मी सोसते. पण वाक्य नुसतं दाखवून सुटत नाही.

चौथ्या भेटीत टीपॉय बाजूला सरकवला आणि म्हटलं, “तुमचा नाच मला इथे चालून दाखव.” स्केटर जमिनीवर असा सराव करतातच. मोजे घालून ती उभी राहिली. डावा हात त्याच्या खांद्याच्या उंचीवर, उजवा बाजूला, कुणीतरी धरल्यासारखा. गालिच्यावरून उलट्या पावलांनी निघाली. कोपऱ्यावर तिनं वळण मोठं घेतलं. तिथे त्याच्यासाठी जागा सोडली होती.

“आता हात खाली घेऊन कर.”

“मग त्यात काहीच उरणार नाही.”

“बघू तर.”

हात खाली आले. पहिली काही पावलं अडखळत पडली, मग सरळ पडू लागली. निम्म्यावर ती थांबली.

“मी मागे जाताना तो पुढे येतो,” ती सावकाश म्हणाली. “म्हणजे इथे त्याची पावलं वेगळी आहेत. ही माझी आहेत.”

मी काही बोलले नाही.

“आणि ट्विझल करताना तर आम्ही हात धरतच नाही. एका पायावर गिरक्या घेत शेजारून जातो. माझा तोल जातो तेव्हा माझाच जातो.” मग ती रडली, बऱ्याच वेळानं आणि बराच वेळ.

या कामात इतकी वर्षं घालवल्यावर मला एवढं कळलं आहे की अशा वेळी रुमाल पुढे करायचीही घाई करू नये. आणि कबूल करते, त्या दिवशी टीपॉय परत जागेवर ठेवताना मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आता हे वाचणाऱ्या पालकांसाठी. जोडी मोडली की वर्षांचा हिशेब मुलांसमोर मांडू नका, तो त्यांनी आधीच मांडलेला असतो. लगेच नव्या जोडीदाराच्या चाचणीलाही पाठवू नका. आधी शोक होऊ द्या. जोडीदार जिवंत आहे, सुखात आहे, म्हणून शोक करायचा नाही असं नसतं.

खेळाडूंनो, दोन प्रश्न वेगळे करा. मला हा खेळ हवा आहे, की त्या माणसाबरोबरचा खेळ हवा आहे? दुसरं उत्तर आलं तर थांबणंही योग्यच, आणि ते हरणं नव्हे. पहिलं आलं तर नव्या माणसात जुना शोधू नका. उंची वेगळी, गुडघा वाकायची वेळ वेगळी, हात धरायची पद्धत वेगळी. पहिल्या दिवशी सगळं बिनसल्यासारखं वाटणारच. जोडी शाबूत आहे त्यांनी दर हंगामाच्या शेवटी एकमेकांना “पुढच्या वर्षी आहेस ना?” असं तोंडानं विचारावं. बहुतेक जण विचारत नाहीत, कारण उत्तराची भीती असते.

आईबरोबर मी दोनदा स्वतंत्र बोलले. तिचाही ‘आम्ही’ होता, पण ती गोष्ट वेगळी.

मुलगी शेवटची आली तेव्हा एक चाचणी झाली होती. “कशी झाली?”

“त्याचा गुडघा उशिरा वाकतो. मी त्याला सांगितलं.”

“मग?”

“तो म्हणाला, तू घाई करतेस.” ती हसली. “करते मी. अजून तीन आठवडे बघणार आहे.”