हॉल ‘ग्रीन’ करायचाय तर आधी खरकटं मोजा

हॉल आणि कार्यक्रम पर्यावरणाला आणि माणसांना सोयीचे कसे करायचे, या एकाच विषयावर या महिन्यात तीन पत्रं आलीयेत, 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा जवळ आल्यामुळे असेल कदाचित, नाशकात सध्या जो तो हॉल, हॉटेल नाहीतर लॉन काढतोय.

प्रश्न : नमस्कार ताई. पाथर्डी फाट्याजवळ सासऱ्यांचं मंगल कार्यालय होतं, त्याचा आम्ही कॉन्फरन्स हॉल केला, 300 खुर्च्या आणि वर दोन छोट्या रूम. अंबड-सातपूरच्या कंपन्या ट्रेनिंग, डीलर मीटला घेतात. आता त्यांच्याकडून फॉर्म यायला लागलेत, तुमची सस्टेनेबिलिटी पॉलिसी काय, कचऱ्याचं काय करता, कामगारांना काय सोयी देता. एक कन्सल्टंट म्हणतो आयएसओ करून घ्या, आमचे मिस्टर म्हणतात सोलर टाकू. दोन्ही झेपणार नाही. आधी काय करू?

उत्तर : दोन्ही जरा थांबवा. मी स्वतः चौदा वर्षं बँक्वेटचं काम बघितलंय म्हणून सांगते, पुढचा एक महिना प्रत्येक कार्यक्रम संपल्यावर हॉलच्या मागच्या दाराशी जाऊन उभ्या राहा आणि वहीत चार गोष्टी लिहा. खरकटं आणि उरलेलं अन्न किती किलो (वजनकाटा घ्या, अंदाजे ‘दोन बादल्या’ नको), लाइटचं मीटर किती पळालं, पाणी किती गेलं, आणि झाडणारी शेवटची बाई किती वाजता आणि कशाने घरी गेली.

कन्सल्टंट सांगतोय ते आयएसओ 20121 असणार, म्हणजे पर्यावरणाचं आणि माणसांचं भान ठेवून कार्यक्रम कसे करायचे याचं आंतरराष्ट्रीय मानक. ते खरंच आहे, खोटं नाही, 2012 च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी आलं, 2024 मध्ये सुधारलं. पण त्यात तुमचा हॉल हिरवा आहे असं कोणी लिहून देत नाही हो, तुम्ही ठरवता कसं, मोजता कसं, सुधारता कसं हे बघतात. मग वहीच नसेल तर दाखवणार काय?

आता खरकटं. याचं मूळ किचनमध्ये कमी आणि तुमच्या रेटकार्डात जास्त असतं. ‘मिनिमम गॅरंटी 250 प्लेट’ लिहिलेलं असतं ना, तिथे. कंपनीचे लोक 190 येतात, पण पैसे 250 चे द्यायचेच आहेत म्हणून नंबर कमी करायला कोणी फोन करत नाही, केटररही 250 चा स्वयंपाक करतो वर थोडा हात सैल सोडतो कारण कमी पडलं तर त्याची अब्रू जाते, आणि सगळे आपापल्या जागी बरोबर असताना साठ माणसांचं जेवण वाया जातं. हे बदला. दोन दिवस आधी शेवटचा आकडा घ्या, तो खाली आणायची मुभा द्या, त्यापुढे मोजलेल्या प्लेटचे पैसे. केटरर कुरकुर करेल, त्याला प्लेटमागे थोडा जास्त रेट द्या. मेनू चौदा पदार्थांचा आठवर आणा. पुऱ्या लागतील तशा तळा. आणि कॉर्पोरेट लंचला पनीर नसलं तर अपमान होतो ही समजूत कोणी पसरवली देव जाणे, इगतपुरीचा इंद्रायणी भात, आमटी आणि पेठ-सुरगाण्याच्या नागलीची भाकरी ठेवून बघा, मुंबईचे साहेब फोटो काढतात.

उरलेलं अन्न वाटायचं असेल तर ते बुफेवरचं नको, भांड्यातलं, हात न लागलेलं. शिजवलेलं अन्न 60 अंशांच्या वर गरम नसेल तर दोन तासांच्या आत खाल्लं गेलं पाहिजे, म्हणजे नेणारी संस्था आदल्या दिवशीच ठरलेली हवी, रात्री अकराला फोन करून ‘येता का’ नाही. कचरा रोजचा 100 किलोच्या वर जात असेल तर नियमाने तुम्ही मोठे कचरा करणारे, ओल्या कचऱ्याचं तुमचं तुम्हाला बघावं लागतं, सगळं घंटागाडीत लोटून चालत नाही. तळणीचं तेल परत परत वापरलं जात नाही ना तेही बघा, वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी विकत घेणारे आहेत.

एसीचं तर विचारूच नका. भाड्यात एसी धरलेला असला की दारं सताड उघडी आणि आत 18 अंश. वेगळा सबमीटर बसवा आणि युनिटप्रमाणे बिल लावा, बघा लोक दारं कशी लावतात. 24 वर ठेवलात तर प्रत्येक अंशामागे साधारण 6 टक्के वीज वाचते असं बीईई (वीजबचतीचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) सांगते. जेवणाच्या शेडला एसी नकोच, आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी असते तेव्हा डक्ट कूलर मस्त चालतो (पावसाळ्यात नाही, तेव्हा पंखे पुरतात). जनरेटर कमीत कमी चालवा, एक लिटर डिझेलमध्ये जेमतेम तीन-साडेतीन युनिट मिळतात, हिशोब करा म्हणजे धुराआधी खिसा दिसेल.

मिस्टरांना सांगा सोलर चांगलंच आहे आणि तुमच्यासाठी तर जास्तच, कारण लग्नाची रोषणाई रात्री असते पण ट्रेनिंग दिवसा. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट छत लागतं आणि दिवसाला 4 युनिटच्या आसपास वीज मिळते. फक्त आधी एसीचा लोड कमी करा, मग साइज ठरवा. आणि पीएम सूर्यघरची सबसिडी घरांसाठी आहे, हॉलसाठी मिळवून देतो म्हणणारा भेटला तर चहा पाजून परत पाठवा.

आता फॉर्ममधला कामगारांचा रकाना, जो सगळे शेवटी आणि खोटा भरतात. झाडायला, भांड्यांना येणाऱ्या बायका ठेकेदारामार्फत, कार्यक्रमावर हजेरी, जेवण शेवटी आणि उरलं तर. आमच्याकडेही तसंच होतं, मी कित्येक वर्षं बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांच्या प्लेट आकड्यात धरा आणि पाहुण्यांची पंगत संपायच्या आत त्यांना बसून जेवू द्या. रात्री दहानंतर सुट्टी झाली तर रिक्षाचे पैसे हॉलचे. ठेकेदाराचं बिल पास करायच्या आधी मजुरी बँकेत जमा झाल्याचा कागद मागा. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, 2013 च्या कायद्याने. आणि सेप्टिक टँक साफ करायला माणूस आत उतरवायचा नाही, तोही कायदा 2013 चाच. ‘ताई पाच मिनिटांचं काम आहे’ असं कोणी म्हणालं तरी नाही. सक्शनची गाडीच बोलवा.

प्रश्न : गंगापूर रोडच्या आमच्या कॉलेजात दोन दिवसांची परिषद आहे, 200 जण, मुंबई-पुणे-संभाजीनगरहून येणारे. ‘इको-फ्रेंडली’ करायची ठरलीय. ज्यूट बॅग, बांबूचा पेन आणि प्रत्येकाला एक रोप द्यायचंय. अजून काय करता येईल?

उत्तर : रोप कॅन्सल करा. रेल्वेच्या सीटखाली राहतं बिचारं. बॅग-पेन पण लोकांकडे घरी पाच-पाच पडलेत.

परिषदेतलं सगळ्यात मोठं प्रदूषण बहुतेक वेळा येण्या-जाण्याचं असतं आणि तुम्ही नेमकं तेच सोडलंय. सकाळी नऊचं उद्घाटन ठेवलं की मुंबईचा माणूस गाडी काढून येतो किंवा आदल्या दिवशी हॉटेल घेतो. अकराला ठेवा, सकाळची तपोवन एक्सप्रेस पकडून तो नाशिकरोडला दहाच्या आतबाहेर उतरतो, तिथे सिटीलिंकची (महापालिकेची शहर बससेवा) एक बस आधीच ठरवून ठेवा, बऱ्याच टॅक्स्या वाचतील. उद्घाटनात तसंही दीपप्रज्वलन आणि सत्कारच असतात, एखादा तास उशीर झाला तर ज्ञानाचं काही अडत नाही.

पाण्याच्या छोट्या बाटल्या बंद करा. अर्धी पिऊन खुर्चीखाली, मग चहानंतर नवीन. दोनशे माणसं, दिवसाला तीन बाटल्या, दोन दिवस, झाल्या बाराशे. स्टीलचे जग आणि ग्लास ठेवा, ज्यांना आणायची त्यांनी आपली बाटली आणावी हे निमंत्रणातच लिहा. पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) मोजून घ्या, 500 च्या खाली असेल तर आरओ लागेलच असं नाही, यूव्ही फिल्टर चालू शकतो, आणि आरओ असलाच तर त्याचं वाया जाणारं पाणी फरशीला वापरा. बॅनर कापडाचा करा आणि त्यावर तारीख-वर्ष टाकू नका, पुढच्या वर्षी तोच लावता येतो. (100 मायक्रॉनच्या आतल्या पीव्हीसी बॅनरवर 1 जुलै 2022 पासून बंदीच आहे, प्लास्टिकच्या प्लेट-चमच्यांसोबत.) कागदी कपाला पण आतून बहुतेक वेळा प्लास्टिकचा थर असतो, चहा काचेच्या ग्लासात द्या.

प्रश्न : आमच्या हॉलला दीड फुटाचा ओटा आहे. व्हीलचेअरसाठी रॅम्प करायला सांगितलं तर गवंडी म्हणतो सहा फुटांत बसवतो. चालेल का?

उत्तर : नाही. एक फूट उंचीला बारा फूट लांबी असं धरतात, म्हणजे तुम्हाला अठरा फूट. सहा फुटांत केलात तर ती घसरगुंडी होईल, तिच्यावरून केटररची ट्रॉली तेवढी जाईल आणि व्हीलचेअरवाल्याला चार जण उचलून नेतील. जागा नसेल तर रॅम्प वळवून घ्या, मधे सपाट टप्पा द्या, दोन्ही बाजूंना कठडा. आणि बाथरूमचं दार मोजलंय का?