पटावरचे प्रश्न : उंट आणि दोन प्यादी जास्त, तरी बरोबरी?

प्रश्न : माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. जिल्हा बुद्धिबळ स्पर्धेत त्याचा एका मुलीबरोबरचा डाव बरोबरीत सुटला. शेवटी याच्याकडे उंट आणि दोन प्यादी, तिच्याकडे नुसता राजा! चालींचा कागद पाठवते आहे. सर, त्याला शेवट जमत नाही का? त्या दिवसापासून पटाकडे बघतही नाही.
– एक आई, कराड

उत्तर : ताई, डाव मांडून पाहिला. शेवट त्याने ठीक खेळला आहे. नुसता राजा उरल्यावर तिथे कुणालाच जिंकता आलं नसतं. जिंकायचा डाव त्याआधीच्या एका चालीत हातून सुटला.

त्या वेळी त्याचा (पांढरा) राजा एफ-४ वर, उंट ई-२ वर, प्यादी जी-४ आणि एच-४ वर. तिचा राजा जी-७ वर आणि एकच प्यादं, एच-६ वर. तिने ते एच-५ वर पुढे टाकलं. फुकटचं प्यादं! याने जी-४ वरून मारलं. मोठी माणसंही मारतात.

पण मारल्यावर त्याची दोन्ही प्यादी एच पट्टीवर, म्हणजे पटाच्या कडेच्या उभ्या रांगेत गेली. प्यादं वजीर होणार एच-८ वर. ते घर काळं आणि याचा उंट पांढऱ्या घरांवरचा. तिचा राजा त्या कोपऱ्यात शिरला की उंट त्याला हुसकावू शकत नाही. फार दाबलं तर स्टेलमेट, म्हणजे शह नाही पण चालही उरली नाही, म्हणून बरोबरी. त्या पट्टीवर दोन काय, तीन प्यादी असती तरी तेच.

मारायच्या ऐवजी जी-५ खेळायचं होतं. मग ई-२ वरच्या उंटाचा नेम थेट एच-५ वरच्या प्याद्यावर लागतो. ते वाचवायला तिला राजा जी-६ वर आणावाच लागतो. आता उंट नुसता डी-१ वर सरकवायचा, नेम तोच. तिला चाल करणं भाग, राजा हलला की एच-५ पडलं. आणि जी पट्टीवरचं प्यादं शाबूत, म्हणजे कोपऱ्याचा आसरा संपला.

मोबाइलवरच्या इंजिनने (डाव तपासणाऱ्या प्रोग्रॅमने) हे तुम्हाला शून्याच्या आकड्यात, म्हणजे ‘बरोबरी’ असं सांगितलं असेल, पण मुलाला त्यातून काय कळणार? सात किंवा कमी मोहरी उरली की लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरचा टेबलबेस (शेवटच्या स्थितींचे निकाल साठवलेला संग्रह) पक्का निकाल देतो, तो जरूर बघा, पण नंतर. आधी त्याला विचारा, ‘प्यादं मारताना तुला काय दिसलं?’ तो म्हणेल, ‘फुकट होतं.’ तिथून बोलणं सुरू करा, रागावू नका.

आणि त्या मुलीचं कौतुक त्याच्यासमोर करा. हरत आलेल्या डावात शेवटचं प्यादं हसत देणं सोपं नाही. तिला कुणीतरी हे नीट शिकवलंय.

बरोबरीचं दुःख फार करू नका. नागपूरची दिव्या देशमुख २०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी खेळली, तेव्हा कोनेरू हंपीशी तिचे दोन्ही मोठे डाव बरोबरीतच सुटले होते. चषक टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडायच्या झटपट डावांत मिळाला.

आता घरी एक करा. तोच डाव मांडा, पण काळी मोहरी मुलाला द्या आणि तुम्ही प्यादं मारा. कोपरा त्याने स्वतः राखू दे. मग दोन्ही प्यादी ए पट्टीवर नेऊन ठेवा, काळा राजा ए-८च्या कोपऱ्यात, उंट मात्र पांढऱ्या घरांवरचाच. ए-८ पांढरं आहे. या वेळी पांढरी मोहरी त्याला द्या.