मानकुरादचा बेलिनी

प्रश्न : येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला नऊ वर्षे पूर्ण होतील. पत्नी मडगावला नोकरी करते. रोज साडेसातच्या सुमारास ती पणजीच्या कदंब बसस्थानकावर उतरते, मी तिला स्कूटरने घरी आणतो आणि दिवसभरातले आमचे निवांत बोलणे म्हणजे हेल्मेटमधून होईल तेवढेच. एका लग्नसमारंभात तिला बेलिनी हे पेय फार आवडले होते. ते घरी आधीच तयार करून फ्रीजमध्ये ठेवावे आणि तिला चकित करावे असा विचार आहे. परंतु ताजे पीच मिळत नाहीत. दुसरे फळ चालेल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : फळ बदलता येईल, पेय आधी करून ठेवता येणार नाही. बेलिनी म्हणजे पांढऱ्या पीचचा गर एक भाग आणि प्रोसेको ही इटलीची फसफसणारी वाइन दोन भाग. व्हेनिसमध्ये 1931 साली हॅरीज बार सुरू करणाऱ्या जुझेप्पे चिप्रियानी यांनी ते तयार केले आणि त्याच्या गुलाबी छटेवरून व्हेनिसचेच जुने चित्रकार जोव्हान्नी बेलिनी यांचे नाव त्याला दिले. चिप्रियानींनी आपल्या भागात पिकणारे फळ घेतले. तुम्ही मे महिन्यात गोव्यात राहून पीच शोधत बसावे, याचे मला थोडे नवलच वाटले. मानकुराद आंबा घ्या. छटा गुलाबीऐवजी केशरी येईल, एवढेच.

गर मिक्सरमध्ये फिरवून बारीक गाळणीतून काढावा, त्यात लिंबाचे चार थेंब पिळावेत आणि तो फ्रीजमध्ये चांगला गार होऊ द्यावा. आंबा मुळातच गोड असल्यामुळे साखर घालू नये आणि वाइनही ‘ब्रूट’, म्हणजे कमी गोडीची निवडावी. प्रोसेको महाग वाटल्यास नाशिककडची स्पार्कलिंग वाइन चालेल. पेल्यात आधी 50 मिलिलिटर गर घालून त्यावर 100 मिलिलिटर गार वाइन ओतावी. गराच्या बारीक कणांवर वाइनमधला वायू एकदम सुटतो आणि फेस काठाबाहेर येतो, म्हणून पेला तिरका धरून दोन-तीन वेळा थांबत ओतावे लागते आणि शेवटी लांब चमच्याने तळापासून एकदाच हलवावे लागते. वायू असा भराभर निघून जात असल्यामुळेच हे पेय फ्रीजमध्ये वाट पाहत राहू शकत नाही.

तेव्हा चकित करण्याचा बेत सोडावा, असे मला वाटते. नऊ वर्षे रोज बसस्थानकावर उभे राहणाऱ्या माणसाने आणखी काही सिद्ध करण्याची गरज नाही. तिला घरी आणा, स्कूटरची किल्ली खुंटीला लावा (त्यानंतर बाहेर जेवायला जायचे असल्यास टॅक्सी बोलवा) आणि मगच बाटली उघडा. एकाने पेला तिरका धरावा, दुसऱ्याने ओतावे. पहिल्या खेपेस थोडा फेस ओट्यावर सांडेलच, तेव्हा फडके जवळ ठेवावे. 750 मिलिलिटरची बाटली दोघांना जास्त होते आणि उरलेली दुसऱ्या दिवशी मिळमिळीत लागते. 375 मिलिलिटरची मिळाली तर तीच आणा. तिच्यात तीन पेले सहज होतात. तिसरा दोघांत एकच.