शॉकअप नको, टायर रुंद घ्या

प्रश्न : रोज वारजे ते हिंजवडी सायकलने जातो. रविवारी बोपदेव घाट चढून सासवडकडे, पुढे शेतांमधले मुरमाचे रस्ते. दुकानदार म्हणतो शॉकअपची एमटीबी (माउंटन बाईक) घ्या, मित्र म्हणतो रोडबाईकच घे. बजेट 30 हजार. काय करू? – एक वाचक, पुणे

उत्तर : दोघांचंही ऐकू नका. या किमतीतलं स्प्रिंगचं शॉकअप दिसतं झकास, पण वजनाला अडीच किलोच्या आसपास भरतं. साधा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा बिनस्प्रिंगचा चिमटा, किलोभराचा. वरचं दीड किलो रोज तुम्हीच ओढणार, आणि घाटात उभं राहून पेडल मारलं की ते शॉकअप खालीवर डुलत बसणार. रोडबाईकचे 25 मिलिमीटरचे टायर डांबरावर पळतात, सुट्या मुरमावर मात्र घसरतात.

तुम्हाला हवी साध्या फोर्कची हायब्रिड, म्हणजे रोडबाईक आणि एमटीबीच्या मधली सायकल. 700 सी मापाची चाकं, 38 ते 40 मिलिमीटर टायर, मधे बारीक नक्षी आणि कडेला गोट्या. खरं शॉकअप म्हणजे टायरमधली हवा. तुमचं वजन सत्तरेक किलो असेल तर ऑफिसला जाताना 55 पौंड ठेवा, मुरमावर उतरलात की 40-45. फार कमी केलीत तर दगडावर ट्यूब चिमटते. पंक्चरचा सेट सोबत हवाच. सराटे आणि बाभळीचे काटे टायरची किंमत बघत नाहीत.

बोपदेवसाठी गिअर हलका लागतो. पुढचं लहान चक्र 28-30 दात्यांचं आणि मागचं मोठं 34 चं असेल तर गुडघे दुवा देतील. डिस्क ब्रेक घ्या, तारेचे असले तरी चालतील.

आता एक गोष्ट जी दुकानात कोणी सांगत नाही. एका जुलैत सासवडच्या पुढे माझा मुरूम संपला आणि काळी माती लागली. शंभर पावलांत टायर आणि मडगार्डमधे चिखल असा गच्च बसला की चाकच फिरेना. काटकीने खरवडायचं, चार पावलं ढकलायचं, पुन्हा तेच. शेवटी सायकल खांद्यावर. बांधावरचे आजोबा म्हणाले, "पाव्हणं, बैलगाडी बरी होती की!"

म्हणून दुकानात गेलात की आधी टायर आणि फोर्कच्या मधे करंगळी घालून बघा, मागेही तसंच. अडकली तर दुसरी दाखवायला सांगा.