घरी अहिराणी गाणी आणि भजनी मंडळ रेकॉर्ड करायला कोणता ऑडिओ इंटरफेस घ्यावा?

भाऊ, तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं. चाळीसगावला घरातली दहा बाय बाराची खोली मोकळी आहे, विंडोजचा लॅपटॉप आहे. तयार ट्रॅकवर अहिराणी गाणी गाऊन यूट्यूबला टाकायची आहेत आणि जमलं तर गावच्या भजनी मंडळाचंही रेकॉर्डिंग करायचं आहे. दुकानदार व्ही-एट साउंड कार्ड दाखवतोय, मित्र फोकसराइटचा स्कार्लेट इंटरफेस (माइकचा आवाज यूएसबीने लॅपटॉपात नेणारा डबा) घे म्हणतोय आणि मंडपवाल्याकडचा यूएसबी मिक्सर फुकट वापरायला मिळतोय.

व्ही-एट घेऊ नका. ते मोबाइलवरून लाइव्ह जाणाऱ्यांसाठी बनवलंय. टाळ्या-हशाची बटणं, इको, आवाज बारीक-जाड करणं हे त्याचं काम. त्यातून आवाज फोनकडे ३.५ मिमीच्या ईपी पिनेने जातो, तोही इको लागलेला आणि ट्रॅकमध्ये मिसळलेला. एकदा मिसळलेला आवाज नंतर धड वेगळा होत नाही. गाणं रेकॉर्ड करताना आवाज कोरडा घ्यायचा असतो, इको-रिव्हर्ब नंतर चढवतात.

यूएसबी मिक्सरची अडचण निराळी आहे. बहुतेक लहान मिक्सर, उदाहरणार्थ यामाहाचा एमजी१०एक्सयू, लॅपटॉपला दोनच चॅनेल पाठवतात: डावं आणि उजवं. वर चार माइक लावा, आत दोनच ट्रॅक पडतात. टाळांनी गायकाचा आवाज झाकला तर नंतर फक्त टाळ कमी करायची सोय उरत नाही. कार्यक्रमाची आठवण म्हणून ठीक, पण पुढे मिक्स करायचं असेल तर उपयोग नाही.

म्हणून ब्रँड बघण्याआधी एकच गोष्ट ठरवा: एका वेळी किती माइक वेगवेगळ्या ट्रॅकवर हवेत? माझ्या मते निम्मी निवड इथेच होते. आजच्या नावाजलेल्या इंटरफेसांत आवाजाचा दर्जा इतका जवळजवळ आहे की ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही. माइक कमी पडले तर मात्र पहिल्याच दिवशी कळतं.

तयार ट्रॅकवर एकटा गाणार असाल तर एक माइक पुरतो. तरीही मी दोन माइकचा इंटरफेस घ्यायला सांगेन, कारण दोघांचं गाणं, पेटी आणि आवाज, किंवा ढोलकीच्या दोन बाजू अशी वेळ लगेच येते. शिवाय कीबोर्ड किंवा ऑक्टोपॅड स्टीरिओत घ्यायचा तर तोच दोन इनपुट खातो. कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बायकांचा गट असेल तर प्रत्येकीपुढे माइक लावायची गरज नाही. अर्धवर्तुळात बसवून समोर दोन कंडेन्सर माइक (इंटरफेसकडून वीज घेणारे, बारीक आवाजही टिपणारे) एकमेकांशी काटकोनात, तोंडं जवळजवळ आणून ठेवले की गट छान पकडला जातो. भजनी मंडळाला मात्र चार लागतात: गायक, पेटी, पखवाज किंवा ढोलकीच्या दोन बाजू. टाळांना वेगळा माइक देऊ नका, ते सगळ्या माइकांत आपोआप येतात आणि जरुरीपेक्षा जास्तच येतात. टाळकऱ्यांना गायकाच्या माइकच्या पाठीमागच्या बाजूला, पाच-सहा फूट लांब बसवा.

इथे एक फसगत होते. नावातला आकडा माइकचा नसतो. फोकसराइट स्कार्लेट ४आय४ म्हणजे चार माइक नव्हेत. त्यात माइकचे प्रीअँप (माइकचा बारीक आवाज वाढवणारे भाग) दोनच, बाकीचे दोन लाइन इनपुट, म्हणजे कीबोर्डसारख्या आधीच जोरकस आवाजासाठी. मोटू एम४ चंही तसंच. चार माइक खरोखर हवे असतील तर बेहरिंजर यूएमसी४०४एचडी किंवा ऑडियंट इव्हो ८ बघा, दोन्हीत चार प्रीअँप आहेत. इव्हो ८ ला हेडफोनची दोन आउटपुट आहेत आणि तो यूएसबीवरच चालतो. यूएमसी४०४एचडी ला वेगळा अडॅप्टर लागतो.

दोन माइकवाल्यांत माझी पसंती स्कार्लेट २आय२ च्या चौथ्या पिढीला, आणि त्याचं कारण गेन, म्हणजे आवाज किती वाढवता येतो ते. माइक जो विद्युत दाब देतो तो फार कमी असतो, प्रीअँप तो वाढवतो. शुअर एसएम५८ सारखा डायनॅमिक माइक (स्टेजवरचा, वेगळी वीज न लागणारा) एका पास्कलच्या (आवाजाच्या दाबाचं माप) आवाजाला २ मिलिव्होल्टही देत नाही, तर रोड एनटी१-ए हा कंडेन्सर त्याच आवाजाला सुमारे २५ मिलिव्होल्ट देतो. यूट्यूबवर सगळीकडे दिसणारा एसएम७बी तर एसएम५८ पेक्षाही मंद. शुअर स्वतः त्यासाठी किमान ६० डेसिबल गेन सांगते. २आय२ च्या तिसऱ्या पिढीत ५६ डेसिबल होता, चौथीत ६९ आहे. चौथ्या पिढीच्या स्कार्लेट सोलोत ५७ च आहे आणि माइकही एकच लागतो. तेव्हा खणखणीत आवाजात, माइकपासून चार बोटांवर गाणाऱ्याला कुठलाही चालेल. हळू, खालच्या पट्टीत गाणाऱ्याला डायनॅमिक माइकवर गेन कमी पडतो. मग गेन शेवटपर्यंत फिरवावा लागतो आणि मागे सूं असा आवाज येतो. दुकानात विचारायचं ते हे: माइक इनपुटचा गेन किती डेसिबल? १९२ किलोहर्ट्झचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची मोजमापं किती) दाखवून कुणी भाव वाढवत असेल तर लक्ष देऊ नका. यूट्यूबसाठी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ भरपूर झालं. त्या हिशोबाने एका ट्रॅकला मिनिटाला साधारण ८.६ एमबी लागतात, म्हणजे चार ट्रॅकचा तासाभराचा कार्यक्रम २ जीबीच्या आसपास.

बजेट आवळलेलं असेल तर बेहरिंजर यूएमसी२०२एचडी घ्या. दोन प्रीअँप, कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट, २४ बिट, सगळं आहे. त्याच कंपनीचा यूएमसी२२ दिसायला तसाच, पण त्यात माइकचा प्रीअँप एकच आणि विंडोजसाठी स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने पोचवणारं सॉफ्टवेअर) नाही. एएसआयओ४ऑल या सगळ्यांसाठीच्या ड्रायव्हरवर चालवावा लागतो. काम होतं, पण कटकट जास्त.

ड्रायव्हरचं महत्त्व गाताना कळतं. आपलाच आवाज हेडफोनमध्ये उशिरा आला की ताल सुटतो. बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा साठवून पुढे पाठवतो तो) १२८ सॅम्पल ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला एका बाजूचा उशीर २.७ मिलिसेकंद, जाऊन-येऊन आणि ड्रायव्हरचा वेळ धरून तो काही मिलिसेकंद वाढतो, तरी गाता येतं. १०२४ ठेवला तर एकाच बाजूला २१ मिलिसेकंद, त्यात गाणं अशक्य. रेकॉर्ड करताना १२८, मिक्स करताना १०२४ अशी सवय लावा. आवाजात टकटक-चरचर आली तर बफर २५६ करा, वायफाय बंद करा, विंडोजची पॉवर सेटिंग हाय परफॉर्मन्सवर ठेवा आणि इंटरफेस हबला न लावता थेट लॅपटॉपला लावा. इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटण दाबलं की आवाज लॅपटॉपातून फिरून न येता सरळ हेडफोनमध्ये येतो. पण मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग (तिथून आपलाच आवाज ऐकवणं) बंद करा. दोन्ही चालू राहिलं की आवाज दुहेरी, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा ऐकू येतो आणि लोक माइकला दोष देतात.

प्रोजेक्ट आणि विंडोज दोन्हीकडे सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झच ठेवा. ४८ ला रेकॉर्ड केलेली फाइल ४४.१ समजून वाजली तर गाणं हळू होतं आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वर उतरतो.

आता वायरी. मंडपवाल्यांकडे मिळणारी माइकची वायर बहुतेक वेळा एका टोकाला कॅनन (तीन पिनांचा एक्सएलआर) आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ (गिटारला लागते ती जाड पिन) असते. इंटरफेसच्या कॉम्बो सॉकेटात (ज्यात दोन्ही पिना बसतात) पी-३८ जाते, पण तिथे ती लाइन किंवा इन्स्ट्रुमेंट इनपुट होते. माइकचा पूर्ण गेन मिळत नाही आणि ४८ व्होल्टही मिळत नाहीत. डायनॅमिक माइक अगदी पुसट येतो, कंडेन्सर मुकाच राहतो. माइकला दोन्ही टोकांना कॅनन असलेली तीन पिनांची वायरच हवी. स्वस्त बीएम-८०० माइकसोबत येणारी कॅनन-ते-ईपी वायरही इथे चालत नाही. बँजो पार्टीतला पिकअप लावलेला बँजो किंवा गिटार लावताना इन्स्ट (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबा; कीबोर्ड-ऑक्टोपॅडला ते बंद ठेवा, नाहीतर आवाज फाटतो. ४८ व्होल्ट फक्त कंडेन्सरला. वायर लावून झाल्यावर चालू करा, काढायच्या आधी बंद करून दहा सेकंद थांबा.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती घरघर. नवीन इंटरफेस बदलून आणूनही ती जात नाही, कारण ती बऱ्याचदा घरच्या अर्थिंगमधून येते. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, मातीचा रोध वाढतो आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. म्हणून जाणकार वायरमन मार्च ते जून खड्ड्यात पाणी घालायला सांगतात. ते नेमाने करा. मल्टिमीटरने सॉकेटमधल्या न्यूट्रल आणि अर्थमधला दाब बघा: दोन-तीन व्होल्टच्या आत असावा. जास्त दाखवत असेल तर वायरमन बोलवा, कारण मग प्रश्न जिवाचाही आहे.

घरघर नेमकी कुठून येते ते असं शोधा. लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेसला फक्त हेडफोन, गेन निम्मा. शांत आहे? आता चार्जर लावा. घरघर आली तर चार्जरची. रेकॉर्डिंगपुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा किंवा चार्जर, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. मग स्पीकर जोडा. त्यांनी घरघर आली तर साध्या मोनो पी-३८ ऐवजी पिनेवर दोन काळ्या कड्या असलेली टीआरएस वायर वापरा, स्पीकरला तसं बॅलन्स्ड इनपुट असेल तर. शेवटी कीबोर्ड जोडा. त्याने आली तर मध्ये ग्राउंड लिफ्टचं (अर्थची जोडणी तोडणारं) बटण असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि इंटरफेसमधला जोडडबा, टाका. घरघर जावी म्हणून थ्री-पिनची अर्थची पिन मात्र कधीच तोडू नका.

लाइट जाते हे धरूनच निवड करा. यूएसबीवर चालणारा इंटरफेस आणि चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप असेल तर टेक मध्येच तुटत नाही. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चार्जर चालवला तर बारीक गुणगुण रेकॉर्डिंगमध्ये शिरू शकते. साइन वेव्ह इन्व्हर्टर बरा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, आणि कूलर चालू ठेवून कंडेन्सर माइक वापरता येत नाही. त्या दिवसांत डायनॅमिक माइक, रात्री उशिरा किंवा पहाटेचं रेकॉर्डिंग, आणि टेकपुरता कूलर बंद. लॅपटॉप तापला की प्रोसेसर मंदावतो आणि तीच टकटक सुरू होते, म्हणून तो गादीवर ठेवू नका, खाली हवा खेळू द्या.

लेव्हल ठेवताना सगळ्यात जोरकस ओळ गाऊन बघा आणि शिखर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा. ढोलकी आणि टाळांना उणे १८ पर्यंत खाली ठेवलं तरी चालेल, कारण थाप अचानक उसळते. २४ बिटमध्ये हळू घेतलेला आवाज वाढवता येतो, फाटलेला सांधता येत नाही. चौथ्या पिढीच्या २आय२ मध्ये ऑटो गेन (गेन आपोआप लावणं) आणि क्लिप सेफ (आवाज फाटू लागला की गेन आपोआप कमी करणं) आहेत. एकटे गात-रेकॉर्ड करत असाल तर क्लिप सेफ चालू ठेवा.

पैशांची वाटणी करताना सगळे इंटरफेसवर घालू नका. बंद कपांचा हेडफोन घ्या, उघड्या कपांतून ट्रॅक गळून माइकमध्ये येतो. तो ३२ ते ८० ओमचा (हेडफोनच्या विद्युत रोधाचं माप) असावा. २५० ओमचा हेडफोन यूएसबीवरच्या इंटरफेसला बऱ्याचदा हळू वाजतो. पॉप फिल्टर, माइक स्टँड आणि दोन कॅनन वायरी लागतीलच. खोलीसाठी गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगा, भिंतीपासून चार-सहा इंच सुटलेल्या. उघड्या भिंतींच्या खोलीत यातून जो फरक पडतो तो दुप्पट किमतीच्या इंटरफेसने पडत नाही.

जुना इंटरफेस मिळत असेल तर फायरवायरचा (यूएसबीऐवजी वापरली जाणारी जुनी जोडणी) घेऊ नका. यूएसबीचा असेल तर लॅपटॉप, हेडफोन, माइक आणि मल्टिमीटर घेऊनच जा. आधी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचा तुमच्या विंडोजसाठी ड्रायव्हर आहे का ते बघा. मग ४८ व्होल्ट चालू करून कॅनन सॉकेटच्या १ आणि २ पिनेत, नंतर १ आणि ३ पिनेत डीसी दाब मोजा: ४४ ते ५२ मध्ये यायला हवा, दोन्हीकडे जवळजवळ सारखा, आणि प्रत्येक चॅनेलला वेगळा मोजायचा. सगळे नॉब हेडफोन लावून हळूहळू फिरवा. खरखर धुळीची असेल तर साफ होते. यूएसबीची पिन हलवल्यावर इंटरफेस बंद-चालू होत असेल तर सॉकेटचं सोल्डर सुटलेलं असतं, असा सोडून द्या.